अकरा चाळीसची नोंद

सतरा पायऱ्या चढून वहिनी त्या खुर्चीत टेकली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि हो म्हटल्याचा पश्चात्ताप तिला तेराव्या पायरीवरच झाला होता. पण करते काय! या घरात येऊन तिला अठ्ठावीस वर्षं झाली आणि अठ्ठावीस वर्षांत पंपहाऊसची खुर्ची रिकामी राहिलेली तिने पाहिली नव्हती. खाली क्वार्टरमध्ये नवरा, नणंद आणि सासूबाई खल करत बसणार, चारला पाणीखात्याचे साहेब येणार, मग वर कोण बसणार? हीच. हातातलं शिवण टाकून.

"नुसतं बसायचं वहिनी," नणंद, घरातली धाकटी, सांगून गेली होती. "काटा लाल रेघेला टेकला तर बेल दाबायची. मी धावत येते."

नुसतं बसायचं म्हणे. बसून बघा एकदा. दोन पंपांची घरघर जमिनीतून खुर्चीत येते, खुर्चीतून पाठीत, आणि पाचव्या मिनिटाला वाटायला लागतं की ती आपल्याच पोटातून येते आहे. भिंतींना ओल. एकुलती एक खिडकी, तिच्यातून टाकीचा जिना दिसतो आणि दुसरं काही दिसत नाही. टेबलावर नोंदवही, आणि तिच्या शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली धाकटीची पुस्तकं. तरीही पानं फुगलीच होती. आठ वर्षं ती इथे बसून मुक्त विद्यापीठाची बी.ए. करत होती. दर तासाला पाच मिनिटं काट्याला, पंचावन्न मिनिटं पुस्तकाला. चव्वेचाळीस वर्षांची बाई. पहिल्या वर्षी वहिनीच भर जेवणात म्हणाली होती, "आता बी.ए. होऊन काय दिवे लावणार आहात?" सगळे हसले होते. धाकटीही हसली होती, आणि मग वर जाऊन पुस्तक उघडून बसली होती. ते हसू वहिनीला अजून टोचायचं.

तिने वही मागे मागे उलटली. तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. हेच ते पान, ज्याच्यावरून घरात आठवडाभर कोणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्या दिवशी धाकटीचा शेवटचा पेपर होता, दहा ते एक. खुर्चीत दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, बसणार होता, आधीच्या पाच पेपरांना बसला होता तसाच. पानावर नऊची नोंद, दहाची, अकराची. मग मध्येच अकरा चाळीसची. मग बाराची, एकची. सगळं एका अक्षरात.

अर्थात! या घरात दुसरं अक्षर होतंच कुठे? सासऱ्यांनी दोन्ही मुलांकडून लहानपणापासून एकच वळण घोटून घेतलं होतं. खुर्चीतला माणूस बदलला तरी वही बदललेली दिसता कामा नये, हा त्यांचा हट्ट. त्यांच्या वडिलांचाही तोच. तीन पिढ्यांच्या वह्या काढून ठेवा, कोणता आकडा कोणाचा हे ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही. आणि दुसरा हट्ट खुर्चीचा. बदलीचा माणूस, म्हणजे पाळी घ्यायला येणारा, मागे येऊन उभा राहून 'ऊठ, मी आहे' म्हणेपर्यंत बसलेल्याने उठायचं नाही. मागे वळून बघायचंही नाही. काट्यावरची नजर काढायची नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. नऊ वर्षांपूर्वी सासरे याच खुर्चीत गेले. काट्याकडे बघत.

वहिनीने वही मिटली आणि पदराने मान पुसली. मानेला गार लागत होतं. खिडकी तर बंद होती.

"ऊठ, मी आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"बरं झालं बाई," म्हणत ती उठली. रीतीप्रमाणे मागे न बघता, भिंतीच्या कडेने दाराकडे गेली आणि धडाधड पायऱ्या उतरली.

*

खाली दादा खिडकीपाशी उभा होता, कारण बसलं की बोलावं लागत होतं. टेबलावर साहेबांचं पत्र पडलं होतं. त्याला ते पाठ झालं होतं. मुक्त विद्यापीठात नोकरदारांना निम्मी फी. त्यासाठी परीक्षेच्या दिवशी माणूस रजेवर होता असा कार्यालयाचा दाखला लागतो. पाच पेपरांचं ठीक होतं, त्या तासांपुढे दादाची सही होती. सहाव्या पेपरच्या दिवशी त्याची सहीच नव्हती. संध्याकाळी सहाला धाकटीने नेहमीच्या सवयीने पूर्ण पानाखाली सही ठोकली होती. म्हणजे वहीप्रमाणे ती दिवसभर खुर्चीत होती आणि विद्यापीठाप्रमाणे परीक्षेच्या हॉलमध्ये. साहेबांना वाटत होतं, पेपरला तिच्या नावावर दुसरंच कोणीतरी बसलं. दाखला उद्यापर्यंत गेला नाही तर निकाल रद्द. आणि पदवीची आठ वर्षांची मुदत याच महिन्यात संपत होती, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

"दादा, मी तुला आठ दिवस विचारतेय," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. "तू त्या तासांपुढे सही कर. एवढंच. विसरलो होतो म्हण. विसरण्याची काय शिक्षा होणार आहे?"

"मी करणार नाही."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही."

"अरे, तूच लिहिलंस ना ते?"

आई कोपऱ्यातल्या खाटेवर पाय पसरून बसली होती. गुडघे गेल्यापासून तिचं सगळं जग त्या खाटेवर आलं होतं. ती म्हणाली, "त्याला छळू नकोस गं."

"आई, तू याचीच बाजू घे! नेहमीचंच आहे. तो बारावीचा फॉर्म भरून बसला होता तेव्हा त्याला वर बसवलं, तेव्हा तू गप्प. आता माझी परीक्षा जातेय, तरी तू गप्पच."

ते दादाच्या वर्मी लागलं. बारावीच्या पहिल्या पेपरच्या दिवशी बाबांना ताप होता. 'एवढा एक दिवस बस,' ते म्हणाले होते. तो एक दिवस एकतीस वर्षं चालला. हॉल कसा असतो, बाकावर नंबर कुठे चिकटवतात, हे त्याने तेव्हा पाहिलंच नाही.

एवढ्यात दार ढकलून वहिनी आत आली, चप्पल काढत, घाम पुसत.

"हुश्श! मला पुन्हा सांगू नका हां ते काम."

दादा वळला. "तू खाली कशी? वर कोण आहे?"

"म्हणजे? तुम्ही आलात ना! तुम्हीच म्हणालात, ऊठ, मी आहे."

"मी?"

"मग कोण? पुरुषाचा आवाज होता." वहिनीने नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. तो घरातल्या मऊ चपलांवर होता. तिने धाकटीकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. मग तिचा हात आपोआप गळ्याशी गेला. "अहो, चेष्टा करू नका."

"हा खोलीतून हललेला नाही," धाकटी म्हणाली.

दादा खुर्चीवर बसला. आणि आठ दिवस जे ओठांवर येऊन परत जात होतं ते एकदम बाहेर पडलं.

"मलाही असंच उठवलं," तो म्हणाला. "त्या रविवारी. सव्वादहा वाजले होते. मागून आवाज आला, ऊठ, मी आहे. मी उठलो. एकतीस वर्षांची सवय, पाय विचारतात का? बाहेर आलो, तंद्रीतच दाराला कुलूप घातलं, आणि खालच्या पायरीवर मला कळलं की मी कोणालाच आत जाताना पाहिलेलं नाही. कुलूप मीच घातलंय. किल्ली माझ्या खिशात."

"मग परत वर जायचंस ना!" धाकटी ओरडली.

"जायला हवं होतं. मी नाही गेलो." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मला वाटलं, उठवलंच आहे तर जातो. तुझ्या केंद्रावर आलो मी. फाटकावरच्या रजिस्टरात नाव लिहिलं, अकरा वीस. व्हरांड्यातून बघत होतो. तू तिसऱ्या बाकावर होतीस. पेनाचं टोपण दातात धरून लिहीत होतीस. मी दीड तास उभा होतो तिथे. रखवालदार म्हणाला, मुलीला सोडायला आलात का?"

जमिनीतून पंपाची घरघर येत होती.

"परत आलो तेव्हा दीड वाजला होता. कुलूप जसंच्या तसं. आणि वहीत सगळं लिहिलेलं." तो धाकटीकडे बघून म्हणाला, "अकरा चाळीसचं बघितलंस ना? वीज गेली, दाब चढला, व्हॉल्व्ह तीन आटे मागे. मी दुसऱ्या दिवशी वीज मंडळात विचारलं. खरंच गेली होती, अकरा अडतीसला. कोणीतरी व्हॉल्व्हचं चाक खरंच तीन फेरे फिरवलंय गं. नाहीतर उलटलेल्या पाण्याच्या धक्क्याने बाजाराखालची मोठी लाइन फुटली असती. आता सांग, मी कशावर सही करू? रजिस्टरात मी तिकडे आहे. आणि वहीत मी नाहीच."

धाकटीला एकदम भान आलं. "वर कोणी नाहीये! खुर्ची रिकामी आहे!" ती दाराकडे धावली.

"थांब," आई म्हणाली.

"आई, दाब..."

"पंपाचा आवाज बदलला का? ऐक नीट. बदलला?"

सगळ्यांनी ऐकलं. पाच मिनिटांपूर्वी खालच्या भागाचं पाणी सोडायची वेळ झाली होती. ते सोडलं की घरघर अर्ध्या स्वराने खाली येते. या घरातली माणसं ते झोपेतही ओळखतात. आवाज खाली आलेला होता.

"मग आहे वर कोणीतरी," आई म्हणाली आणि पाय सरळ केले.

बाहेर स्कूटर थांबली. साहेब दहा मिनिटं आधीच आले होते.

*

साहेब दादापेक्षा वीस वर्षांनी लहान होते. हेल्मेट कुठे ठेवावं हे त्यांना कळेना, म्हणून ते शेवटपर्यंत मांडीवर घेऊन बसले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला कागद जुळायला हवे होते.

"ताई, माझ्यासमोर दोनच गोष्टी आहेत," ते म्हणाले. "एक, तुम्ही ड्युटीवर होतात आणि परीक्षेला दुसरं कोणी बसलं. किंवा तुम्ही परीक्षेला होतात आणि वहीत दुसऱ्या कोणी लिहिलं. दुसरं असेल तर तो माणूस मला दाखवा. मी आत्ता दाखला देतो. काका, तुम्ही होतात का?"

धाकटीने दादाकडे बघितलं. वहिनीनेही. दादाने तोंड उघडलं, आणि त्याच्या आधी कोपऱ्यातून आवाज आला.

"मी लिहिलं ते."

साहेब वळले. "आजी, तुम्ही?"

"हो. मुलाला मीच पाठवलं केंद्रावर. म्हटलं, बहिणीचा शेवटचा पेपर आहे, जाऊन बघ. मी बसते तोवर."

वहिनीच्या तोंडातून 'अहो पण' निघायचं होतं ते तिने गिळलं. सासूबाईंना खाटेवरून न्हाणीघरात न्यायला दोन माणसं लागतात, आणि त्या सतरा पायऱ्या चढल्या? आणि लिहिलं? पेन्शनच्या कागदावर ही बाई नऊ वर्षं अंगठा लावते!

साहेबांनाही तेच आठवलं असावं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि जरा संकोचून पुढे केलं. "आजी, वाईट वाटून घेऊ नका. दोन ओळी लिहून दाखवता?"

आईने पेन घेतलं. चष्मा नाकावर सरकवला. पत्राच्या पाठीवर तिने लिहिलं: ११.४०. वीज गेली. दाब चढला. व्हॉल्व्ह तीन आटे मागे. तेच वळण. तोच चारचा आकडा, वरून बंद. दादाने आयुष्यात आईच्या हातात पेन पाहिलं नव्हतं.

"बघता काय?" आई मुलांना म्हणाली. "तुमच्या पाट्या कोण तपासायचं? ते तर कायम वर असायचे. वळण चुकलं की मीच पुसायला लावायचे की."

"मग अंगठा का लावता, सासूबाई?" वहिनीला राहवेना.

"अंगठा लावला की कोणी प्रश्न विचारत नाही."

साहेबांना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. "पण आजी, बाहेरच्या माणसाने पंपावर बसणं नियमात नाही."

"मग मला निलंबित करा."

"तुम्हाला नाही." साहेब दादाकडे वळले, आणि त्यांच्या आवाजातली अजिजी गेली. "काका, तुमची ड्युटी होती. तुम्ही जागा सोडलीत. ते मला लेखी लागेल. सेवापुस्तकात जाईल. तुमची एकतीस वर्षं झाली आणि आजवर एक डाग नाही तुमच्यावर, मला माहीत आहे. विचार करा."

दादाने विचार केला नाही. विचार केला असता तर हात थांबला असता. त्याने कागद ओढला आणि लिहिलं की त्या दिवशी सव्वादहा वाजता मी स्वतः जागा सोडून गेलो, आणि खाली सही केली. एकतीस वर्षांत त्याने खुर्चीबद्दल लिहिलेलं हे पहिलंच वाक्य होतं जे आकड्यांत नव्हतं. साहेबांनी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला, फुंकर घातली आणि तो धाकटीच्या हातात दिला.

"अभिनंदन, ताई. पर्यवेक्षकाची जागा आहे आमच्याकडे रिकामी. फक्त पदवी लागते."

धाकटीला रडू फुटलं. ती रडत रडतच "थँक्यू साहेब" म्हणाली. दारात हेल्मेट घालता घालता साहेब थांबले. "हो, एक राहिलं. तुम्ही सगळे इथे. आत्ता वर कोण आहे?"

"आमच्यातलंच आहे," आई म्हणाली.

स्कूटर वळणावर दिसेनाशी होईपर्यंत कोणी हललं नाही. मग धाकटीने आईचे हात धरले. "आई, खरं सांग. तू वर गेली होतीस?"

"मी कुठली जातेय, बाळा?" आई म्हणाली. "मला तर आता नीट रडताही येत नाही त्या पायऱ्यांकडे बघून."

*

पायऱ्या चढताना धाकटी पुढे होती, दादा मागे. दार उघडंच होतं. खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची टेबलाला नीट लावलेली, जशी बसलेला माणूस लावून घेतो तशी. वही उघडी होती. चारची नोंद झालेली होती आणि शाई अजून ओली होती.

धाकटीने दाबाचा आकडा काट्याशी ताडून पाहिला. बरोबर होता. मग तिची नजर शेवटच्या रकान्यात गेली, शेऱ्याच्या. तिथे कोणी कधी काही लिहीत नाही. तिथे दोन शब्द होते.

बदली पाठवा.

ती भिंतीला टेकली. तिला ती दुपार आठवली, जिच्याबद्दल ती नऊ वर्षांत कोणाशी बोलली नव्हती. बाबांना उठवायला तीच आली होती त्या दिवशी. दोन वाजता. मागे उभी राहिली, आणि म्हणायच्या आधी त्यांचा हात टेबलावरून घसरलेला तिला दिसला. ती किंचाळली. माणसं आली, त्यांना उचलून नेलं, आणि ती त्या गरम खुर्चीत तशीच बसली, कारण काटा चढत होता. म्हणायचं राहून गेलं.

"मी त्यांना उठवलंच नाही रे, दादा," ती म्हणाली. "मी नुसती बसले. ते अजून ड्युटीवर आहेत. नऊ वर्षं. माझे पेपर झाले, तुझं बघणं झालं, आणि ते आपले बसलेत."

ती खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. रुमालाने डोळे पुसले. दाखला तिच्या ब्लाऊजमध्ये खोचलेला होता, तो तिला टोचत होता. या घरात शब्दाला शब्द होता: जो 'मी आहे' म्हणेल तो बसेल, आणि त्याची बदली येईपर्यंत उठणार नाही. तिला हे माहीत होतं. तरी तिने श्वास घेतला.

"उठा बाबा. मी..."

दादाने तिच्या तोंडावर हात ठेवला. त्याने तिला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं, स्वतः तिच्या जागी उभा राहिला आणि काट्याकडे बघत, पंपांच्या आवाजाच्या वर ऐकू जाईल असं म्हणाला:

"उठा बाबा. मी आहे."

खुर्ची टेबलापासून वीतभर मागे सरकली. कोणाचाही हात लागला नव्हता. मग दारातून गार वारा बाहेर गेला. आत आला नाही, बाहेर गेला, आणि पायऱ्यांवर हळूहळू, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा, एकेक पायरी करत खाली उतरला. खाली क्वार्टरमध्ये आई कोणाशी तरी बोलल्याचं दोघांनीही ऐकलं. काय बोलली ते कळलं नाही.

दादा बसला. खुर्ची गरम होती. त्याने वही जवळ ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"दादा," धाकटी दारातून म्हणाली. तिचे पाय जायला तयार होते आणि तिला जाववत नव्हतं. "तुला कोण उठवणार?"

"सहाला येईल पाळीचा माणूस," तो मागे न बघता म्हणाला. "नाही आला तर बघू. तू जा. दाखला देऊन ये आधी."

ती पायऱ्या उतरू लागली. मागे पंपांचा स्वर क्षणभर चढला आणि पुन्हा जागेवर आला. वर फिरलेलं चाक तिने आवाजावरून मोजलं. तीन आटे.